दाखल्यावरचे वय

अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की कायदा सर्वांत आधी त्याचे वय विचारतो. काय केले, कोणाच्या संगतीने केले, का केले, हे प्रश्न नंतरचे. घटनेच्या दिवशी मुलगा किती वर्षांचा होता, यावर पुढचे सगळे ठरते: त्याची रवानगी निरीक्षणगृहात की तुरुंगात, त्याच्यासमोर बाल न्याय मंडळ की सत्र न्यायाधीश, शिक्षा तीन वर्षांची की जन्मठेपेची. म्हणून अल्पवयीनांच्या गुन्हेगारी जबाबदारीचा विचार जन्मतारखेपासून सुरू करावा लागतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी तालुक्यात आलापल्लीच्या परिसरात ही जन्मतारीखच अनेकदा सर्वांत कच्ची असते. सागवानाच्या जंगलात वसलेल्या या गावातून सिरोंचा, भामरागड, एटापल्ली आणि आष्टी या चारही दिशांना रस्ते फुटतात. आतल्या माडिया आणि गोंड पाड्यांवर बाळंतपणे वर्षानुवर्षे घरीच होत आली. मूल मोहफुलांच्या हंगामातले की धानकापणीच्या वेळचे, हे आईला नेमके आठवते. इंग्रजी तारीख कोणी विचारलेलीच नसते. मग मूल आश्रमशाळेत दाखल होते. गुरुजी त्याच्याकडे अंदाजाने पाहतात आणि दाखल-खारीज रजिस्टरात १ जून ही तारीख आणि सहा वर्षे पुरी होतील असे साल लिहितात. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या एका अख्ख्या पिढीचे वाढदिवस असे १ जूनला येतात. प्रवेशाची सोय म्हणून लिहिलेली ती तारीख पुढे दहा वर्षांनी फौजदारी प्रकरणातला निर्णायक पुरावा होऊ शकते, हे तेव्हा कोणाच्या मनातही नसते.

कायद्याने वयाचे टप्पे पाडले आहेत. सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात प्रश्न समजेचा असतो. आपण काय करतो आहोत आणि त्याचा परिणाम काय होईल हे कळण्याइतकी बुद्धी त्या मुलाला आली नसेल, तर तो गुन्हा नव्हे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ही तरतूद कलम ८२ आणि ८३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम २० आणि २१ मध्ये जवळपास जशीच्या तशी आली आहे. समज कशी मोजायची? बहुधा मुलाच्या वागण्यावरून. ओरिसा उच्च न्यायालयापुढे १९५० मध्ये आलेल्या एका प्रकरणात बारा पुरी न झालेल्या मुलाने ‘तुकडे करीन’ असे म्हणत चाकू उगारला होता आणि तसाच वार केला होता. त्या बोलण्यावरूनच न्यायालयाने ठरवले की परिणामाची जाणीव त्याला होती. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आजही शिकवले जाते, पण रागाच्या भरात तोंडून निघालेल्या शब्दाला समजेचा पुरावा मानणे आजच्या मानसशास्त्राला सहज पटणारे नाही.

बारा पूर्ण झाली की समजेची ही ढाल संपते. मात्र शिक्षा मोठ्या माणसासारखी होत नाही. बारा ते अठरा या टप्प्याची व्यवस्था बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याने केली आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. या कायद्याच्या भाषेत असा मुलगा आरोपी नसतो, तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो.

ही वेगळी वागणूक कोणाच्या एका दिवसाच्या दयेतून आलेली नाही. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने बालगुन्हेगारांसाठी सुधारगृह सुरू झाले. मुंबई इलाख्याचा बालक कायदा १९२४ चा. १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीचे उमरखाडी हे नाव रिमांड होमशी कायमचे जोडले गेले. आलापल्ली तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हती; चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि तिथे १९२८ चा स्वतंत्र बालक कायदा होता. स्वातंत्र्यानंतरही प्रत्येक राज्याची रीत निराळी राहिली आणि मुले तुरुंगात मोठ्या कैद्यांबरोबर डांबली जात राहिली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांच्याच याचिकेवर १९८६ मध्ये साऱ्या देशासाठी एक कायदा हवा, असे न्यायालयाने सुचवले आणि त्याच वर्षी पहिला केंद्रीय बाल न्याय कायदा आला. त्यात मुलांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी वयोमर्यादा होती. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला, त्याला धरून २००० च्या कायद्याने दोघांनाही अठराची मर्यादा दिली.

डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणात एक आरोपी अठराला काही महिने कमी होता आणि त्याला तीन वर्षांवर ठेवता आले नाही. देशभर संताप उसळला. न्या. वर्मा समितीने वयोमर्यादा खाली आणू नये असे सांगितले होते, सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये ती बदलण्यास नकार दिला होता. तरीही संसदेने २०१५ मध्ये मधला मार्ग काढला. मर्यादा अठराच ठेवली, पण सोळा ते अठरा या वयात ‘निर्घृण’ गुन्ह्याचा आरोप असेल तर मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली.

आता आलापल्लीजवळ पंधरा वर्षांचा एखादा मुलगा मोटारसायकल चोरीच्या संशयावरून सापडला, असे धरू. पकडणारे पोलीस ठाणे असो की जंगलातले पोलीस मदत केंद्र, नियम एकच. त्याला बेडी घालायची नाही. कोठडीत किंवा तुरुंगात एक रात्रही ठेवायचे नाही. प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदाराहून कमी दर्जाचा नसलेला बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. मूल त्याच्या ताब्यात द्यायचे आणि आईबापांना कळवायचे. गुन्हा निर्घृण नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर एफआयआरही नोंदवायचा नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या माहितीसह ती मंडळाकडे पाठवायची. वनरक्षकाने सागाच्या ओंडक्यासह पकडलेल्या मुलालाही हेच संरक्षण आहे, कारण इतर कोणत्याही कायद्यात काहीही म्हटले असले तरी मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायदाच वरचढ ठरतो. आणि मोहफुले किंवा तेंदूपाने वेचणाऱ्या आदिवासी मुलाच्या बाबतीत तर वनहक्क कायदा झाल्यापासून आधी हेच पाहावे लागते की यात गुन्हा आहे तरी कुठे.

चोवीस तासांत मुलाला बाल न्याय मंडळापुढे हजर करायचे असते. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. आलापल्लीहून गडचिरोली शंभरावर किलोमीटर आहे. भामरागडच्या पलीकडच्या गावांसाठी आधी आलापल्ली गाठणे हाच एक प्रवास असतो आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तोही थांबतो. मंडळाची बैठक नसेल तर एखाद्या सदस्यापुढे मुलाला हजर करता येते, अशी सोय कायद्यात आहे. दूरच्या तालुक्यांना ती जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा कितीतरी अधिक मोलाची.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक तरी स्त्री असावी लागते. आरोपीचा पिंजरा आणि काळा डगला तिथे नसावा, असे अपेक्षित आहे. जामीन हा नियम आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचे. सोडल्यास तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाच्या हेतूलाच बाधा येईल, असे दिसले तरच जामीन नाकारता येतो. आरोप मोठा आहे, एवढे कारण पुरत नाही. त्यानंतर परिविक्षा अधिकारी घर, शाळा, गाव पाहून सामाजिक चौकशी अहवाल देतो. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, वाढवून दिलेल्या दोन महिन्यांतही संपली नाही तर ती तिथेच बंद होते. आरोप सिद्ध झाला तर समज देऊन सोडणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, देखरेखीखाली घरी ठेवणे, आणि शेवटचा पर्याय म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृह. बारा ते सोळा वयाच्या मुलासाठी, गुन्हा खुनाचा असला तरी, हीच वरची मर्यादा आहे.

या कार्यवाहीत एक हक्क असा आहे की जो आलापल्लीच्या भागात सर्वाधिक लागतो आणि कागदावरच राहण्याची भीतीही सर्वाधिक. कार्यवाहीची भाषा मुलाला समजत नसेल तर मंडळाने दुभाषा द्यायचा आहे. माडिया बोलणारा मुलगा मराठी प्रश्नाला मान डोलावतो, तेव्हा त्याने आरोप कबूल केला की समोरच्या साहेबाचा मान राखला, हे मराठी माणसाला कळत नाही. सिरोंच्याच्या बाजूला हाच प्रश्न तेलुगूचा होतो. दुभाष्याशिवाय घेतलेला मुलाचा जबाब कायद्याच्या हेतूलाच हरताळ फासतो.

सोळा ते अठरा या टप्प्यात कस लागतो तो ‘निर्घृण’ या शब्दाच्या व्याख्येचा. ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा सांगितली आहे, तोच निर्घृण. जास्तीत जास्त शिक्षा कितीही मोठी असो, किमान सात नसेल तर गुन्हा त्या वर्गात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आणि २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातही आणले. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा हीच व्याख्या निर्णायक ठरली. काही तासांत मिळालेला जामीन आणि ३०० शब्दांचा निबंध यावर महाराष्ट्र खवळला, आणि ते खवळणे समजण्यासारखे होते. पण सदोष मनुष्यवधाच्या कलमाला किमान सात वर्षांची शिक्षा नाही. प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

हीच मोजपट्टी जंगलातल्या गुन्ह्यांना लावली की चित्र उलगडते. वाघाची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायद्यातला फार गंभीर गुन्हा, पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षे आहे. सतरा वर्षांच्या मुलावर त्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालू शकत नाही. नक्षली संघटनेचा सदस्य असल्याच्या आरोपाला दहशतवादविरोधी यूएपीए कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, किमान मात्र नाही, म्हणून तोही निर्घृण नाही. खून निर्घृण आहे. आणि ज्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ते मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याचे प्रकरणही निर्घृण ठरते. सतरा वर्षांची दोन मुले राजीखुशीने एकत्र आली, घर सोडून गेली, आणि मुलीच्या बापाने तक्रार दिली, तर कायद्याच्या लेखी मुलगी पीडित आणि मुलगा आरोपी. अठराखालच्यांची संमती कायदा मानत नाही. लैंगिक संबंधाच्या कलमाला किमान दहा वर्षांची शिक्षा असल्याने हा मुलगा खुनाच्या आरोपीच्याच रांगेत उभा राहतो. वाघ मारणाऱ्याला जी भीती नाही ती प्रेमात पडलेल्या मुलाला असावी, ही या कायद्यातली सर्वांत दुखरी विसंगती आहे.

निर्घृण गुन्ह्यात मंडळाला तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचे असते. गुन्हा करण्याची मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटना घडली ती परिस्थिती, हे त्यात पाहतात. मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. तज्ज्ञ आणायचा तर प्रश्न पुन्हा भाषेचा येतो. शहरी शाळकरी मुलांसाठी बनवलेल्या बुद्धिमापन चाचण्या जंगलाची वाट अचूक ओळखणाऱ्या पण मराठी वाक्य अडखळत वाचणाऱ्या मुलाला लावल्या, तर हाती येणारा आकडा त्याच्या समजेचा नसतो. मूल्यांकनात मुलगा ‘सक्षम’ ठरला आणि मंडळाने प्रकरण बालन्यायालयाकडे पाठवले, तरी त्या न्यायालयाने प्रौढ खटल्याची गरज स्वतः पुन्हा तपासायची असते. शिक्षा झाली तर एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित स्थानी ठेवतात, नंतर त्याच्यातला बदल पाहून सोडायचे की तुरुंगात पाठवायचे हे ठरवतात. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप अठराखालच्या कोणालाही देता येत नाही.

वयाची नोंद चुकली तर काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत भयंकर उदाहरण नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाशी जोडलेले आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका कुटुंबातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीचे वय कागदोपत्री वीस-बावीस लिहिले गेले. १९९८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे त्याने अर्ज केला की घटनेच्या वेळी आपण लहान होतो. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो, असे कायदा सांगतो. त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदीत जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. एवढ्या लहान मुलाच्या हातून असे कृत्य होऊ शकते का, या विचाराने धक्का बसतो. पण तर्कावर निकाल देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याची सुटका झाली तेव्हा तुरुंगात २८ वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. सात जणांच्या मृत्यूचे दुःख या हिशेबाने तसूभरही कमी होत नाही, आणि मुलाच्या तारुण्याची भरपाईही होत नाही.

वय ठरवण्याचा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी. ही तपासणी पंधरा दिवसांत पुरी करायची असते, पण तिचा अंदाज दोनएक वर्षे इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे सोळा आणि अठरा यांच्यातले अंतर तिला नीट दाखवता येत नाही. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्डाला कायद्यात स्थान नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश-रजिस्टरचा उतारा एवढ्यावर विसंबण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका पोक्सो प्रकरणात आक्षेप घेतला आहे. अंगणवाडीच्या वहीत बाळाचे पहिले वजन कोणत्या महिन्यात नोंदले, ही माहिती अनेकदा शाळेच्या १ जूनपेक्षा खरी असते, पण कलमातल्या क्रमात तिचे नावच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा राहील. ती मुले सोळाची होतील २०३९ मध्ये. तोवर गुरुजींची तारीखच चालणार आहे.

मुलाची जबाबदारी कमी धरणारा कायदा त्याला वापरणाऱ्या प्रौढाची मात्र वाढवतो. १९८० च्या सुमारास प्राणहिता ओलांडून आलेल्या नक्षली दलमांनी गडचिरोलीत पाय रोवले. शरण आलेल्या अनेकांनी आपण किशोरवयातच दलमबरोबर गेल्याचे सांगितले आहे. केंद्राने अतिरेकी म्हणून जाहीर केलेला सशस्त्र गट मुलांची भरती करील किंवा त्यांना कोणत्याही कामाला वापरील, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड, असे बाल न्याय कायद्याचे कलम ८३ सांगते. निरोप पोहोचवणारा तेरा वर्षांचा मुलगा हा त्या अर्थाने आधी पीडित ठरतो. दारूचेही तसेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. मुलाच्या दप्तरातून दारूच्या बाटल्या न्यायला लावणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचे कलम ९५ तर मुलाला कोणत्याही गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षे कैद देते, आणि मुलाने केलेला गुन्हा त्यानेच केला असे मानून त्याचीही शिक्षा करते. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, तो २०१९ पासून.

गुन्हेगारी जबाबदारी सुरू होण्याचे सात हे वय जगाच्या मानाने कोवळे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जबाबदारी दहाव्या वर्षी सुरू होते. तिथे १९९३ मध्ये, घटनेच्या वेळी दहा वर्षांच्या असलेल्या दोन मुलांवर एका चिमुकल्याच्या खुनाचा खटला जाहीर न्यायालयात चालला होता. जर्मनीत ती चौदाला, स्वीडन-नॉर्वेत पंधराला सुरू होत आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये किमान चौदाची शिफारस केली. भारताने अठरापर्यंत संरक्षण दिले आहे, पण खालच्या टोकाला आपण अजून १८६० च्या सातवरच आहोत.

चौकशी संपली, मुलगा घरी परतला, की कायदा त्याच्या अंगावरचा शिक्का पुसतो. त्याचे नाव, शाळा, छायाचित्र छापणे हा गुन्हा आहे. दोषी ठरल्याने येणारी कोणतीही अपात्रता त्याला लागत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. याला अपवाद फक्त सोळा पूर्ण झालेल्या आणि प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्या मुलाचा. गडचिरोलीत पोलीस भरती ही तरुणांची सर्वांत मोठी आशा आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले आलापल्लीतही दिसतात. भरतीच्या चारित्र्य पडताळणीत बालपणीच्या प्रकरणावरून उमेदवार अडवला जातो, तेव्हा ही तरतूद दाखवता येते. केंद्रीय दलातल्या भरतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच सांगितले: अल्पवयात लागलेल्या आरोपामुळे नोकरी नाकारता येणार नाही.